थंड बाजूची गुहा

६ जानेवारी, शनिवार

डबा आडवा केला आणि हात स्थिर धरला. ओतायचं नाही, असं बेव्हने तीनदा बजावलं होतं. तो स्वतःच्या पायांनी बाहेर आला पाहिजे. चार मिनिटं काहीच नाही. मग डोकं. मग एक पाय, बोटं पसरून पेपर टॉवेलवर ठेवलेला. मग बाकीचा सगळा. पिवळा, काळ्या ठिपक्यांचा, शेपटी माझ्या अंगठ्याएवढी. तो थांबला, डोळे मिटले, उघडले. बहुतेक पालींना पापण्या नसतात, याला आहेत. मग सरळ गरम बाजूच्या गुहेत शिरला. मी स्वयंपाकघरात जाऊन एकटीच हसले.

नाव क्लाइड. जात लेपर्ड गेको. वय अकरा. वजन एकोणपन्नास ग्रॅम.

ड्युलुथला येऊन मला पाच आठवडे झाले. दातांच्या लॅबमध्ये काम आहे, कॅप आणि कवळ्या. दिवसभर अनोळखी माणसांचे जबडे हातात असतात. संध्याकाळी साडेचारला अंधार पडतो. घरात बोलायला कुणी हवं होतं असं नाही. नुसतं कुणीतरी असावं, एवढंच.

टाकी बैठकीच्या खोलीत ठेवली आहे. एका टोकाला तळाशी गरम पट्टी, तिच्यावर गरम गुहा. दुसऱ्या टोकाला थंड गुहा. मधे ओल्या शेवाळाचा डबा, कात टाकायला. त्याला दोन्ही टोकं लागतात. अंग तापलं की थंड बाजूला जायचं, गार झालं की परत. नुसत्या गरम बाजूला बसून राहिला तर आतून सुकतो.

बेव्ह वुओरी सोडून दिलेल्या पालींना, सापांना घरं शोधून देते. निघताना तिने पिशवीतून कापडाचा तुकडा काढला. तळहाताएवढा, निळ्या चौकड्यांचं फ्लॅनेल. पहिल्या मालकाच्या शर्टाच्या बाहीतला. तिच्या संस्थेची तशी पद्धतच आहे: जनावर जाईल तिथे ओळखीच्या वासाचं कापड बरोबर जातं. तिने ते थंड गुहेत सारलं आणि छापील पत्रक माझ्या हातात दिलं. चौदा दिवस हात लावायचा नाही. गुहा उचलून बघायचं नाही. आठवड्यातून एकदा वजन, तेही त्याला डब्यात चालत येऊ देऊन. चौदा दिवसांनी जुनं कापड काढून स्वतःच्या वापरलेल्या कपड्याचा तुकडा ठेवायचा, म्हणजे तो आपला होतो.

याआधी तो तीन घरांतून परत आला आहे. तिन्ही अर्जांवर कारण एकच: खात नाही. चाळीस ग्रॅमच्या खाली गेला तर परत देईन, असं मी लिहून दिलं आहे. चौथ्यांदा परत आलेल्याला ते पुन्हा कुणाकडे देत नाहीत. म्हणजे काय, ते मी विचारलं नाही. बेव्हनेच सांगितलं: डॉक्टर, कायमचं झोपवायची सुई.

घरमालक ऑर्व्हिल स्कोग्लुंड खालच्या मजल्यावर राहतात. वय अठ्ठ्याहत्तर. सामान चढवताना ते जिन्यात उभे होते. म्हणाले, पोरी, लोक कुत्रं आणतात, मांजर आणतात. साधी चप्पलसुद्धा चावणार नाही असलं काय घेऊन आलीस? मग गरम पट्टीकडे बघून म्हणाले, एक माझ्या खुर्चीवरही बसव.

८ जानेवारी, सोमवार

काल संध्याकाळी वाटीत पाच अळ्या ठेवल्या, कॅल्शियमच्या पुडीत घोळवून. वाटी थंड गुहेच्या तोंडाशी, कारण गरम बाजूला अळ्या मरतात. सकाळी वाटी रिकामी.

बेव्हला कळवलं. ती म्हणाली, बघ, मी म्हटलं नव्हतं? तुझा हात शुभ आहे.

क्लाइड गरम गुहेत. फक्त नाकाचं टोक बाहेर.

११ जानेवारी, गुरुवार

वाटी रोज रिकामी. पाच ठेवल्या तर पाच जातात, सात ठेवल्या तर सात.

एक गोष्ट खटकते. लेंडी नाही. पाच दिवसांत एकही नाही. पत्रकात लिहिलंय की गेको एकच कोपरा ठरवतो आणि तिथेच जातो. चारही कोपरे स्वच्छ आहेत. एवढ्या अळ्या खाणारा प्राणी एवढा नीटनेटका कसा राहतो?

शिवाय तो थंड बाजूला जातच नाही. आज संध्याकाळी गरम गुहेतून बाहेर आला, तापून तोंड उघडं टाकलेलं. दोन पावलं पुढे गेला. थांबला. अंग जमिनीला चिकटवून चपटं केलं. आणि तसाच, पाठ न वळवता, मागे मागे सरकत गुहेत गेला. मला माहीत नव्हतं की पाल उलटी चालते.

१३ जानेवारी, शनिवार

वजन सेहेचाळीस.

काटा बिघडलाय असं वाटलं. लॅबमधून पन्नास ग्रॅमचं माप आणलं होतं, ते ठेवून पाहिलं. पन्नास. काढून पुन्हा ठेवलं. पन्नास. क्लाइडला पुन्हा डब्यात घेतलं. सेहेचाळीस.

बेव्हला फोन केला. तिचं म्हणणं, मी टक लावून बघत बसते. तुला कुणी जेवताना असं बघितलं तर घास उतरेल का? मी म्हटलं, पण वाटी रिकामी होते. ती म्हणाली, मग खातोय की. मग वजन का घटतंय? लेंडी अडकली असेल, कोमट पाण्यात बसव. पण पत्रकात लिहिलंय हात लावायचा नाही. मग नको लावू. अडकलेली लेंडी आत असेल तर वजन वाढायला हवं ना? त्यावर ती म्हणाली, मार्लिस, अगं पाल आहे ती, तुझ्या लॅबमधला दात नाही. घासला की बसला, असं नसतं त्याचं.

फोन ठेवला आणि पत्रक चौथ्यांदा वाचलं.

१५ जानेवारी, सोमवार

टाकीच्या तीन बाजूंना तपकिरी कागद लावला. दिवा बदलला. थंड गुहा त्याला मोठी पडत असेल म्हणून लहान आणली. मग वाटलं की तोंड भिंतीकडे हवं, म्हणून फिरवली. तो तिच्याकडे फिरकला नाही. मी पुन्हा फिरवली. गुहा उचलायची नाही, सरकवली तर चालेल, असा अर्थ मी काढला आहे.

मोठ्याने शिवी दिली. खालून ऑर्व्हिलनी काठीने छताला दोनदा ठोकलं. नंतर जिन्यात म्हणाले, शिवी छान होती, पण शेवटचा शब्द नीट ऐकू आला नाही.

१६ जानेवारी, मंगळवार

आज वाटी गरम गुहेजवळ ठेवली. अर्धा तास. क्लाइड बाहेर आला, एका अळीला जीभ लावली. शेपटीचं टोक थरथरलं; झडप घालायच्या आधी त्यांचं तसं होतं. मी श्वास धरला. तेवढ्यात त्याने मान वळवली, थंड गुहेकडे, आणि तिथेच खिळला. अळी त्याच्या नाकाखालून चालत गेली.

वाटी परत थंड बाजूला ठेवली आणि कॉफी करायला गेले. परत आले तेव्हा रिकामी. क्लाइड होता तिथेच होता. पायही हलला नव्हता. मधे चौदा इंच पेपर टॉवेल आहे आणि तो पळणारा प्राणी नाही.

ऑर्व्हिल म्हणतात, उंदीर. टाकीला जाळीचं झाकण आहे, चार चिमटे लावलेले. उंदीर चिमटे उघडून येतो, खातो आणि परत लावून जातो का? ते म्हणाले, माझ्या घरातले उंदीर शिकलेले आहेत.

१७ जानेवारी, बुधवार

काल रात्री सगळ्या टाकीत कॅल्शियमची पूड चाळणीने पसरली. पातळ थर, पिठासारखा. सकाळी पाहिलं.

गरम बाजूला क्लाइडची पावलं. पाच बोटांच्या चांदण्या, गुहेपासून पाण्याच्या वाटीपर्यंत आणि परत. त्यापलीकडे एकही नाही.

थंड गुहेच्या तोंडाशी पाऊल नाही. एक पट्टा आहे. गुहेतून निघून वाटीपर्यंत गेलेला, बोटभर रुंद, गुळगुळीत, टेबलावरची धूळ पुसावी तसा. वाटीच्या काठाची पूडसुद्धा पुसलेली.

अळ्यांनी केलं असेल. सात अळ्या एका रांगेत.

१८ जानेवारी, गुरुवार

गुहा उचलली. बारावा दिवस, नियम मोडला. आत कापड, बाकी काही नाही. अळ्याही नाहीत.

कापड उचललं. कोमट होतं.

ती बाजू थंड असते, सत्तर अंश फॅरनहाइटच्या वर जात नाही. रोज मोजते आणि लिहून ठेवते. लांबून मोजायचा थर्मामीटर कापडावर धरला. अठ्ठ्याण्णव पूर्णांक सहा. जमिनीवर धरला, सत्तर. पुन्हा कापडावर. अठ्ठ्याण्णव पूर्णांक सहा. माझ्या हाताची ऊब लागली असेल म्हणून कापड खाली ठेवून दहा मिनिटं थांबले. तेवढंच.

मग तो स्वतःच्या कपाळावर धरला. तोही तेवढंच दाखवतो. म्हणजे बिघडलेला नाही. मला इतका राग आला की थर्मामीटर सोफ्यावर फेकला.

१९ जानेवारी, शुक्रवार

बेव्हला विचारलं, पहिला मालक कोण. नाव लीलंड प्रुइट. म्हातारा, दोन वर्षं अंथरुणावर होता, टाकी उशाशी. कुणी येत-जात नसे. चांगला माणूस, हळू बोलायचा, असं ती म्हणाली. सतत म्हणायचा की त्याला कुणाला त्रास द्यायचा नाही, फक्त कुणीतरी खोलीत असलं की बरं वाटतं. गेला तेव्हा तोच शर्ट अंगात होता. बाही कापून घेताना थोडं विचित्र वाटलं, पण अगं, पालीसाठी करावं लागतं.

मी म्हटलं, तुम्ही मेलेल्या माणसाच्या अंगावरचा शर्ट कापलात? ती म्हणाली, धुतलेला असता तर वास राहिला नसता ना.

मधल्या तीन घरांनी कापड बदललं होतं का? नाही, कुणीच चौदा दिवस टिकलं नाही. तू टिकलीस की उद्या बदल. मग बघ.

वजन विचारलं तिने. मी बेचाळीस सांगितलं. खरं एक्केचाळीस आहे.

२० जानेवारी, शनिवार

एकोणचाळीस.

शेपटी पेन्सिलीएवढी झाली आहे. कंबरेची हाडं दिसतात. निरोगी गेको तीन महिने उपाशी राहिला तरी इतका उतरत नाही, असं बेव्हच्याच पत्रकात आहे. मी रोज भरवते आणि हा रोज संपत चाललाय.

दुपारी चिमट्याने भरवायचं ठरवलं. चिमट्याच्या टोकांना मऊ रबर असतं, त्याचं तोंड दुखू नये म्हणून. क्लाइडला वजनाच्या डब्यात घेतलं, डबा स्वयंपाकघरातल्या टेबलावर. अळी त्याच्या नाकापुढे धरली. तोंड फिरवलं. दुसऱ्या बाजूने धरली. पुन्हा फिरवलं. वीस मिनिटं हाच खेळ. माझा संयम सुटला. तशीच अळी धरून बैठकीत गेले. म्हटलं, बघू तरी. चिमटा थंड गुहेच्या तोंडाशी नेला.

अळी घेतली.

ओढली नाही, हिसकावली नाही. आधी एक हलका स्पर्श, मग दाब, मग घेतली. लाजाळू माणसाने ताटातून उचलावं तसं. पण मग चिमटा सोडला नाही. मी ओढला. धरून ठेवलेला. जोर लहान नव्हता. मी पुन्हा ओढला तेव्हा सुटला.

मागे वळले. दारातून टेबल दिसत होतं. डबा पारदर्शक आहे. क्लाइड डब्यात होता.

२१ जानेवारी, रविवार

चिमटा लॅबमध्ये नेला. रविवारी तिथे कुणी नसतं. भिंगाखाली धरला.

गेकोला शंभराच्या आसपास दात असतात, सुईच्या टोकाएवढे. रबरावर तसली एकही टिकली नाही. दोन खुणा आहेत, शेजारी शेजारी, सपाट, काठ झिजलेले. डावी उजवीपेक्षा जराशी पुढे. खालच्या बाजूला दातांची खूण नाही, नुसता मऊ दाब. मी हे वीस वर्षं बघते आहे. वरचे मधले दोन, वय सत्तरच्या पुढे, खालची कवळी लावलेली नाही. आकार मोठ्या माणसाचा. तो जबडा त्या गुहेत मावत नाही. तो माणूस त्या टाकीतही मावत नाही.

घरी येऊन पत्रकात सांगितलंय तेच केलं. जुनं कापड काढलं. चार दिवस अंगात होता त्या टी-शर्टची बाही कापली, थंड गुहेत ठेवली. जुनं कापड ऑर्व्हिलच्या लाकडाच्या शेगडीत टाकलं. ते नाक मुरडून म्हणाले, काय जाळतेस? म्हाताऱ्याच्या खोलीचा वास येतोय, आणि मी तर काल अंघोळ केली.

बेव्हला फोन करायला हवा होता. एकोणचाळीस. केला नाही. चार दिवस देते.

२२ जानेवारी, सोमवार

पूड पुन्हा चाळली होती. पट्टा आहे. थंड गुहेतून निघतो, वाटीकडे जात नाही. सरळ काचेकडे. काचेवरून वर. लेपर्ड गेकोच्या बोटांना चिकटायची गादी नसते, त्याला काच चढता येत नाही. जाळीपर्यंत. जाळीबाहेर, काचेच्या बाहेरच्या अंगाने खाली. टेबलाचा पाय. लाकडी जमिनीवर पांढरं पुसट होत जातं.

माझ्या झोपायच्या खोलीच्या उंबऱ्यावर शेवटचा डाग.

चारही चिमटे लावलेले.

संध्याकाळी पाचला क्लाइड गरम गुहेतून बाहेर आला. सरळ चालत गेला, थंड गुहेच्या तोंडाशी वास घेतला आणि आत शिरला. पहिल्यांदाच. दहा मिनिटांनी बाहेर आला आणि माझ्यासमोर तीन अळ्या खाल्ल्या. चावताना डोळे मिटत होता.

मी रडले. कशासाठी, ते लिहीत नाही.

२३ जानेवारी, मंगळवार

लेंडी! उजव्या मागच्या कोपऱ्यात. तपकिरी, पांढरं टोक, पुस्तकात दाखवतात तशी. चाळीस ग्रॅम.

बेव्ह फोनवर ओरडलीच. म्हणाली, तुझा वास लागला त्याला, आता सुटत नाही बघ.

२५ जानेवारी, गुरुवार

एक्केचाळीस.

पलंगाशेजारी बशीत टोस्ट ठेवून दात घासायला गेले होते. आले तर चावलेला. डावा दात जरासा पुढे.

पत्रक काढलं. आधी लपतो. मग तुम्ही नसताना खातो. मग तुम्ही खोलीत असताना खातो. हे क्लाइडसाठी लिहिलेलं आहे. पण सगळं करून मी भरवत कुणाला होते? पंधरा दिवस पंधरा नियम पाळले. वास दिला. पद्धतशीर.

२६ जानेवारी, शुक्रवार

थर्मामीटर घेऊन खोली तपासली. भिंत चौसष्ट. कपाट चौसष्ट. माझी उशी पासष्ट. शेजारची उशी, जी मी वापरत नाही —

पुन्हा मोजली नाही.

२७ जानेवारी, शनिवार

रात्री महामार्गावरच्या मोटेलमध्ये राहिले. तिथे काही नाही. छान झोप. सकाळी घरी. क्लाइड गरम बाजूच्या काचेला चिकटलेला, चपटा, तोंड उघडं. सात अळ्या ठेवून गेले होते, वाटी रिकामी. थंड गुहा अठ्ठ्याण्णव पूर्णांक सहा. क्लाइड चाळीस.

मी दोन तास घरात बसले. गुहा हळूहळू गार झाली. पंच्याण्णव, अठ्ठ्याऐंशी, सत्तर. झोपायच्या खोलीत पलंगाची स्प्रिंग वाजली.

क्लाइड उठला, थंड बाजूला गेला, जेवला.

म्हणजे हिशेब सोपा आहे. मी घरात असले की ते माझ्याकडे. मी नसले की त्याच्याकडे.

२८ जानेवारी

ऑर्व्हिलना सांगायचा प्रयत्न केला. ते म्हणाले, एकटी राहतेस, हिवाळा आहे, पहिल्या वर्षी सगळ्यांना होतं. सरोवर गोठलं की डोकं गोठतं. खाली येऊन सूप पी. प्यायले. खाली असताना वर पावलं — त्यांनी वर बघितलं. मग माझ्याकडे. मग सुपाकडे.

बेव्हला परत देता येईल. परत दिला तर सुई. दुसरं घर दिलं तरी — कापड मी जाळलं आहे. ते आता कापडात नाही.

२९ जानेवारी

त्रास देत नाही. हे खरं आहे, लिहायला हवं. नुसतं असतं. गादी एका बाजूला खचलेली. मी हलले की थोड्या वेळाने तेही. मी श्वास धरला की —

बेचाळीस.

३० जानेवारी

झोप नाही. लॅबमध्ये एका बाईच्या कवळीत दात उलटे बसवले. लॅबचा प्रमुख ओरडला. मी त्याच्यावर ओरडले. चूक माझी होती.

घरी यायला उशीर झाला तर क्लाइड —

पळत आले.

३१ जानेवारी

आज बोललं. शब्द नाही. कुणी खोलीत आलं की आजारी माणूस जसा हुंकार देतो, तसा. मी दार उघडल्यावर.

मी नको म्हटलं. मोठ्याने. जा म्हटलं. घर माझं आहे म्हटलं, भाड्याचं असलं तरी. बशी फोडली. खालून काठी वाजली नाही. गादी जराशी माझ्याकडे झुकली, समजूत काढावी तशी —

१ फेब्रुवारी

टाकी ऑर्व्हिलकडे दिली. दोघांनी उतरवली. माझी बाही आधी काढून घेतली. पेपर टॉवेल नवे, गुहा नव्या, सगळं व्हिनेगरने धुतलं. कुणाच्याच वासाचं काही नाही. पत्रकाच्या विरुद्ध आहे. पत्रक फाडलं.

ऑर्व्हिल कुरकुरले. मला पाल नको, मला खुर्चीखाली गरम पट्टी हवी होती. पण नाव विचारलं. मग क्लाइड, क्लाइड असं दोनदा म्हणून पाहिलं.

मला इकडे वरच राहायला हवं. क्लाइडला नवीन घर अंगवळणी पडेपर्यंत. मी बाहेर गेले तर ते कुठे जाईल ते माहीत नाही. जिना सोळा पायऱ्यांचा आहे. लॅबला आजारी आहे म्हणून कळवलं. दार लावून घेतलं. पलंगाच्या माझ्या बाजूला बसून लिहिते आहे. तिकडची गादी खाली —

उशी ओढून घेतोय. हळू. विचारल्यासारखा. मी धरली आहे. मी सोड —

२ फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळी आठला ऑर्व्हिलनी दार वाजवलं. क्लाइडने रात्री सहा अळ्या खाल्ल्या. लेंडी एक. दोन्ही गुहा वापरतो. वजन त्रेचाळीस. हे त्यांनी पाकिटाच्या मागे लिहून आणलं होतं.

मग म्हणाले, पोरी, रात्रभर वर बोलणं चाललं होतं. पाहुणा आहे तर आधी सांगायचं असतं. मी दार चार बोटं उघडलं आणि काका आलेत म्हणून सांगितलं. किती दिवस राहणार, असं त्यांनी विचारलं. मी तोंड उघडायच्या आत माझ्या मागून उत्तर गेलं. ऑर्व्हिल बरं म्हणाले आणि खाली गेले.